पथ्य टिकते कशाच्या बळावर?

"वजन कमी करा" हे तीन शब्द आम्हा डॉक्टर मंडळींच्या तोंडी इतके बसलेले आहेत की ते ऐकून रुग्ण फक्त मान डोलावतो. तपासणीत साखर किंवा रक्तदाब वाढलेला निघाला की पहिले पंधरा दिवस मोठ्या जोमात जातात. चहा बिनसाखरेचा होतो, रात्रीचा भात बंद होतो, पहाटे फिरायला जाण्यासाठी नवे बूट येतात. पुढे लग्नसराई येते, पाहुणे येतात, पावसाची झड लागते आणि घरात भज्यांचा घाणा निघतो. तीन महिन्यांनी वजनकाटा पुन्हा जुन्याच आकड्यावर उभा असतो आणि रुग्ण खालच्या आवाजात म्हणतो, "काय करणार डॉक्टर, आमचा मनावर ताबाच नाही."

हे म्हणणे मला पटत नाही. असे म्हणणारे गृहस्थ गेली वीस वर्षे एकही एकादशी चुकवत नाहीत. असे म्हणणारी बाई हरतालिकेला पाण्याचा थेंबही घेत नाही. कोणी रमजानचे सगळे रोजे पाळतो, कोणी सोसायटीच्या कर्जाचा एकही हप्ता थकवत नाही. मनावर ताबा नसता तर हे जमले असते का? ताबा आहे, पण जी गोष्ट आपली वाटते तिच्यासाठीच तो वापरला जातो. डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य हे डॉक्टरांचेच राहते, म्हणून ते टिकत नाही. ते आपले कसे करावे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आधी पोट मोजा

स्थूलपणाकडे आपल्याकडे अजूनही 'खात्यापित्या घरचा' म्हणून कौतुकाने पाहिले जाते. शिवाय "मी काही जाडा नाही, फक्त थोडे पोट सुटले आहे" अशी समजूत असते. भारतीयांच्या बाबतीत घात होतो तो या पोटानेच.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर मोठे काम केले आहे. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. मात्र शरीरातील चरबी मोजली तेव्हा डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. बाहेरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त अशी आपल्यापैकी अनेकांची ठेवण असते. म्हणून आपल्यासाठी वजनाच्या मर्यादाही कडक ठेवाव्या लागतात. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन ६२-६३ किलोच्या वर गेले की ते जास्त समजावे आणि ६८ च्या वर गेले की स्थूलपणा समजावा. १५० सेंटिमीटर उंची असेल तर हेच आकडे साधारण ५२ आणि ५६ किलो असे आहेत.

घरी वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप असतेच. श्वास सोडून, बेंबीच्या पातळीवर, टेप न आवळता कंबर मोजावी. पुरुषांत ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि दर दहा प्रौढांपैकी जवळजवळ चौघांचे पोट मर्यादेबाहेर गेलेले आहे. हा आजार आता केवळ शहरातल्या श्रीमंतांचा राहिलेला नाही.

दिलासा देणारी गोष्टही सांगायला हवी. त्यासाठी पन्नाशीत पंचविशीची अंगकाठी परत मिळवावी लागत नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. वजन ७ टक्क्यांनी उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे, एवढेच उद्दिष्ट एका गटाला दिलेले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ८० किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलोच. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्या लोकांवर असाच अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आहार सुधारून आणि चालणे वाढवून मधुमेहाचे प्रमाण साधारण २८ टक्क्यांनी घटले. विशेष म्हणजे या लोकांचे वजन फारसे उतरलेले नव्हते. तेव्हा काटा हलत नाही म्हणून चालणे आणि पथ्य सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

भीती का पुरत नाही?

"डोळे जातील, मूत्रपिंड निकामी होईल, पाय कापावा लागेल" असे सांगून आम्ही रुग्णाला घाबरवतो. यात खोटे काही नाही. पण भीतीचा अंमल थोडे दिवसच राहतो. ती फार वाढली तर माणूस विषयच टाळतो, तपासणीला येत नाही, आरशात पाहत नाही. त्यात घरच्यांचे टोमणे पडले की अपमान वाटतो, आणि त्या अपमानावर उतारा म्हणून पुन्हा खाणेच होते.

याच्या उलट बाजूने केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. क्रिस्टीन लोगेल आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी ४५ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला, आपल्या आयुष्यात सर्वांत मोलाचे काय आणि का, हे पंधरा मिनिटे लिहायला सांगितले. दुसऱ्या गटाला, स्वतःला तितक्याशा महत्त्वाच्या न वाटणाऱ्या गोष्टीबद्दल लिहायला दिले. सुमारे अडीच महिन्यांनी पाहिले, तर पहिल्या गटाचे वजन सरासरी दीड किलोने उतरले होते आणि दुसऱ्याचे सव्वा किलोने वाढले होते. गट लहान होता, त्यामुळे पंधरा मिनिटांच्या लेखनाने कोणीही बारीक होतो असा अर्थ कोणी काढू नये. पण आपण कशासाठी जगतो हे मनात स्पष्ट असले की माणूस स्वतःला सावरू शकतो, ही गोष्ट अनुभवालाही पटते.

म्हणून "किती किलो कमी करायचे?" या प्रश्नाआधी "कशासाठी?" हा प्रश्न विचारावा. "तब्येतीसाठी" हे उत्तर पुरेसे नाही, ते परीक्षेत लिहायचे उत्तर झाले. आपण आयुष्यात काय जिवापाड जपतो, तिथून सुरुवात करावी. माझ्या दवाखान्यातील काही उदाहरणे ओळख न देता सांगतो.

वारी, रोजकीर्द आणि ताट

एक साठीचे शेतकरी काका गुडघ्यांसाठी येत. वजन ८६ किलो. साखर, रक्तदाब हे शब्द त्यांच्या कानांवरून नुसतेच जात. एकदा बोलता बोलता ते म्हणाले, "औंदा वारी होईल असं वाटत नाही." आळंदी ते पंढरपूर ही वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्यांना मी एवढेच सांगितले की अंगावरचे एक किलो वजन उतरले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने हलका होतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हे मोजलेले आहे. मग त्यांनीच हिशेब मांडला. जेवणात चार भाकऱ्या होत्या, त्या अडीचवर आणल्या आणि उरलेली जागा पालेभाजी, उसळ व काकडीने भरली. संध्याकाळची फरसाणाची पुडी बंद केली. वारी वर्षातून एकदा येते, पण तिची तयारी रोजच्या ताटात सुरू झाली.

दुसरे गृहस्थ किराणा दुकानदार. हिशेबाला पक्के, रोजकीर्द लिहिल्याशिवाय न झोपणारे. दुकानात दिवसाला सहा चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर. त्यांना पथ्याचा कागद न देता मी बेरीज करायला दिली. बारा चमचे म्हणजे साठ ग्रॅम साखर. महिन्याला एक किलो आठशे ग्रॅम आणि वर्षाला जवळजवळ बावीस किलो! एका माणसासाठी दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत साखर असणे उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. आकडा पाहून ते स्वतःच म्हणाले, "ही तर घरातली गळती झाली." ते आता दोन कपांवर आणि अर्ध्या चमच्यावर आले आहेत. घरात तेल किती लागते, तेही ते लिहितात. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या दोन हजार उष्मांकांच्या नमुना आहारात तेल-तुपाचे प्रमाण २७ ग्रॅम आहे. म्हणजे त्याच घरात साडेतीन लिटर पुरावे. काटकसर हा ज्यांचा स्वभाव आहे, त्यांना हे पथ्य शिकवावे लागत नाही.

जपलेली गोष्ट जेव्हा आड येते

काही वेळा मात्र चांगली शिकवणच वजन वाढवते. "अन्न टाकू नये" ही शिकवण आपल्या घराघरांत आहे आणि ती योग्यच आहे. पण ती पाळण्याचे काम बहुतेक घरांत एकट्या आईवर येऊन पडते. सगळ्यांची जेवणे झाल्यावर मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्यातला मूठभर भात, वाटीभर उरलेली भाजी ती पोटात ढकलते. हे रोजचे दोनशेच्या आसपास उष्मांक होतात आणि भुकेचा त्यात काही संबंध नसतो. अशा भगिनींना "टाकून द्या" असे सांगून उपयोग नाही, कारण ते त्यांच्या मनाला लागते. अन्नाचा मान राखायचा तर तो अन्न शिजवण्याआधीच राखावा. कणीक भिजवण्याआधी कोण किती पोळ्या खाणार हे विचारावे, भात वाटीने मोजून लावावा, मुलांना आधी थोडे वाढावे व मागितल्यावर पुन्हा द्यावे. उरलेच तर झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी आधी ते संपवावे. आपले पोट म्हणजे उरल्यासुरल्याचा डबा नव्हे.

आग्रहाचेही तसेच. पाहुण्याला पोटभर वाढणे हा आपला लौकिक आहे. पण ज्याला मधुमेह आहे त्याच्या पानात तिसरी पुरणपोळी टाकणे हे प्रेम आहे का, याचा विचार व्हावा. आग्रह जरूर करावा, पण तो कोशिंबिरीचा, ताकाचा, आणखी थोडा वेळ बसण्याचा करावा. खाणाऱ्यानेही "नको, नको" म्हणत पान पुढे करू नये. "फार छान झाले आहे, पण माझे पोट भरले" असे एकदाच आणि ठामपणे सांगावे.

उपवासाबद्दल तर म्हणच आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. त्यात शेंगदाण्याचे कूट, तूप आणि बटाटा पडला की एका बशीत पूर्ण जेवणाइतके उष्मांक होतात. वर वेफर्स आणि राजगिऱ्याचा लाडू असतोच. उपवासामागचा मूळ हेतू संयमाचा. तो जपायचा तर भगर थोडी, सोबत ताक, काकडी, एखादे फळ, राजगिऱ्याची छोटी भाकरी, एवढे पुरे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र उपवास किंवा रोजा धरण्याआधी डॉक्टरांना विचारावे. औषध तेच आणि खाणे बंद असे झाले तर साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते.

तरुणांना काय सांगावे?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला "पुढे मधुमेह होईल" असे सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याला चाळिशी ही दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट वाटते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात आठवीच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचा आरोग्याचा धडा दिला. दुसऱ्या गटाला, मोठ्या खाद्य कंपन्या मुलांना चटक लागावी म्हणून पदार्थ कसे बनवतात आणि जाहिरातीतून कसे फसवतात, हे सांगितले. दुसऱ्या गटातील मुलांनी खाऊ निवडताना अरबट-चरबट अधिक टाळले. कोणी आपल्याला फसवू नये, आपण कोणाच्या तालावर नाचू नये, ही त्या वयाची खरी ओढ असते. तेव्हा घरात उपदेश करण्यापेक्षा वेफर्सचे पाकीट मुलाच्या हातात द्यावे आणि त्यावरचे वजन, किंमत, मीठ व चरबीचे आकडे त्यालाच वाचायला लावावेत. एक किलोचा भाव काढायला सांगावा आणि बाजारातल्या बटाट्याच्या भावाशी ताडून पाहायला सांगावे. पुढचे तो स्वतः बोलेल.

घरी करण्याजोगे

एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात. पहिली, माझ्या आयुष्यात सर्वांत मोलाचे काय? नातवंडांबरोबर खेळणे, कोणावर ओझे न होणे, शेतात स्वतः उभे राहणे, भजनी मंडळात दोन तास मांडी घालून बसता येणे, काहीही असेल. लोकांना ऐकवण्यासारखे लिहू नये, खरे असेल तेच लिहावे. दुसरी, माझे आजचे खाणे याच्या आड कुठे येते? तिसरी, त्यासाठी उद्यापासून कोणती एकच गोष्ट बदलणार?

एकच, आणि तीही मोजता येईल अशी. "कमी खाईन" हे मोघम झाले. "रात्री साडेआठच्या आत जेवीन", "पहिल्या पोळीबरोबर दुप्पट भाजी घेईन", "बाजाराच्या दिवशी वडापावऐवजी घरचे फुटाणे नेईन" हे नेम झाले. नेम अंगवळणी पडला की महिन्याने दुसरा जोडावा. घरच्यांनाही मनातली खरी गोष्ट सांगावी. "मला डॉक्टरांनी भात बंद केला आहे" यापेक्षा "मला पोरीच्या लग्नात धावपळ करता आली पाहिजे" हे सांगितले तर घर सोबत उभे राहते.

आणि नेम मोडला तर? माळकऱ्याचा एखादा दिवस हरिपाठ चुकला तर तो माळ काढून ठेवत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणतो. लग्नात दोन जिलब्या जास्त झाल्या म्हणून महिन्याचे पथ्य बुडाले असे समजू नये. पुढचे जेवण नेहमीसारखे घ्यावे. उपाशी राहून प्रायश्चित्त करू नये, त्याने रात्रीची भूक आणखी भडकते.

काही सूचना शेवटी दिल्याच पाहिजेत. पथ्य सुरू केले म्हणून साखरेची किंवा रक्तदाबाची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. वजन उतरू लागले की डॉक्टरच मात्रा तपासून कमी करतील. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. थोडे खाऊनही वजन वाढत असेल, सुस्ती येत असेल, तर थायरॉइडची तपासणी करावी. काहीही न करता वजन झपाट्याने घटत असेल तर आनंद न मानता ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. महिन्यात दहा किलो उतरवून देणाऱ्या पावडरी आणि काढ्यांच्या नादी लागू नये. आणि कोणाच्या अंगाची थट्टा करून त्याला सुधारण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी सकाळी करावे. कंबर महिन्यातून एकदा मोजावी. दोन्ही आकडे त्याच वहीत, पहिल्या पानावर लिहिलेल्या गोष्टीच्या खाली नोंदवावेत आणि तीन महिन्यांनी रक्ततपासणीला येताना ती वही सोबत आणावी. नुसत्या रिपोर्टपेक्षा त्या वहीवरून तुमच्या डॉक्टरांना तुम्हाला सल्ला देणे अधिक सोपे जाईल.

(पुढील आठवड्यात : गुडघेदुखी आणि घरगुती व्यायाम)